जात्याचा घास

डोळा लागतोय हे मला कळतंय, आणि उठायला हवं हेही कळतंय. पण पाठ भिंतीला टेकली आहे, भिंत गार आहे आणि बाहेर दुपार रटरटते आहे. पाणचक्कीच्या या खोलीत बारा महिने असाच गारवा. जमिनीखालून पाट जातो ना, त्यामुळे. तीन वर्षं त्या पाटात थेंब नाही, तरी गारवा आपला हलायला तयार नाही.

उजवा हात मी जात्यावर ठेवलाय. जात्याच्या तोंडावर थापलेली माती हाताखाली भिजून मऊ झाली आहे. यल्लाप्पा पाथरवटानं निरोप धाडला होता, "वैनी, तोंडावरची माती सकाळधरनं भिजवून ठेवा, न्हाईतर तळी उचलताना मला शिव्या द्याल." म्हणून सकाळपासून तांब्या तांब्या पाणी ओततेय. चार वाजता तो येणार, पहार लावून तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, उचलणार, उलटी करणार आणि टाकी लावून दगडाचे दात पुन्हा खरखरीत करणार. आमचे हे त्यालाच आणायला स्टँडवर गेलेत. मग पाटाच्या तोंडाशी बसवलेली नवी फळी उचलून पाणी सोडायचं आणि गावातल्या बायकांच्या गटाची नाचणी दळायला सुरुवात करायची. कोपऱ्यात पहिलं पोतं येऊन पडलंसुद्धा. सगळ्या गावाला आनंद झालाय. मला मात्र दोन दिवस अन्न गोड लागत नाही.

कारण तळी उलटी झाली की दगड बोलणार, आणि मी काय केलं ते ह्यांच्यासमोर सांगणार.

आमच्या चक्कीची एक रीत आहे. संध्याकाळी दळण आटोपलं की आधी पाटाच्या तोंडाशी जायचं आणि फळी खाली सोडायची, म्हणजे पाटाचं पाणी तुटतं आणि सावणी नदी आपल्या वाटेनं जाते. मग परत यायचं आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे. त्याला घास म्हणतात. जातं रात्रीचं उपाशी ठेवायचं नाही. सकाळी त्या घासाचं जे पीठ पडतं ते घरात न्यायचं नाही, नदीत सोडायचं, माशांना. म्हणायला हे देवाधर्माचं, पण त्यात अक्कल आहे. अवचित पाणी आलं आणि जातं फिरलं, तर दगडावर दगड घासत नाही, मध्ये चार दाणे असतात. रिकामं फिरलेलं जातं पाथरवटाला बघताक्षणी ओळखू येतं. दगडाचे दात झिजून चकचकीत होतात.

मी घास टाकायची तो नाचणीचा, कारण आमच्या डोंगरात दळायला नाचणीच. माझे सासरे, ह्यांचे आबा आणि माझे मामंजी, टाकायचे तो जोंधळ्याचा. त्यांची बहीण खाली देशावर दिलेली, ती दरसाल पायलीभर जोंधळे पाठवायची. ते मामंजींच्या बंडीच्या खिशात कायम असायचे, चिमण्यांना, माशांना आणि येताजाता स्वतःच्या तोंडात टाकायला. खिशाला बटण होतं. दाणे सांडू नयेत म्हणून ते दर खेपेला बटण लावायचे, आणि मी दर खेपेला त्यावरून त्यांना हसायची.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. चक्कीवर मी एकटी होते. साडेचारला फोन आला, की केतकीला, म्हणजे माझ्या लेकीला, कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय. पाचची गाडी होती. चाकावर पाणी सोडणारी पन्हळ बाजूला सारून मी चाक थांबवलं आणि सुटले. फळी, घास, फळी, घास, असं मनाशी घोकत होते ते आठवतं. पण हातांनी काय केलं ते आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

सातला सावणी चढली. मामंजींना पाण्यानं नेलं. ते सापडले दुसऱ्या दिवशी, संगमाच्या खालच्या डोहात. माझी नात जुई पुराच्याच रात्री आठ वाजता झाली. लोक एका तोंडानं पेढे मागत होते आणि दुसऱ्या तोंडानं सांत्वन करत होते. फळी तर पुरानं उखडूनच नेली होती आणि पाटाचं तोंड गाळानं बुजवून टाकलं होतं, त्यामुळे फळी पडलेली होती की उचललेली, हे सांगायला काही उरलं नाही. भिवा गुरवानं रीतीप्रमाणे जात्याच्या तोंडात फडकं कोंबलं आणि वर माती थापली. चक्कीचा माणूस गेला की असं तोंड बांधतात, आणि बांधणाऱ्यानं आत बघायचं नसतं, मान फिरवून बांधायचं असतं.

तेराव्याला ह्यांनी मला विचारलं होतं, "तू फळी टाकून, घास घालून गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. पण तेव्हापासून मला रोज वाटत आलंय, की पाणी वाढलं, पाट भरून वाहिला, रिकामं जातं फिरायला लागलं, त्याचा घरघराट ऐकून म्हातारा माणूस पावसात धावत सुटला आणि गेला. माझ्यामुळे गेला. आज चार वाजता यल्लाप्पा तळी उलटी करेल, दगडावर बोट फिरवेल आणि म्हणेल, "ह्ये रिकामं फिरलंय की." मग हे माझ्याकडे बघतील.

हात मऊ मातीत थोडा रुततो. डोळे मिटतात.

"मालन, पाट कोरडा ठणठणीत, आन तू निजलीस व्हय?"

मामंजी दारात उभे आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोक्याला तोच विटका पटका. मला दचकायला हवं, पण मी पदर सावरते आणि उठते. सासरे आले की सून उठते, त्याला जिवंत असण्याची अट थोडीच आहे.

"निजले नाही मामंजी. जरा टेकले होते."

"घोरत हुतीस."

"मी घोरत नाही."

"मग जातं घोरत आसंल," ते म्हणतात आणि जात्याकडे बघतात. जातं फिरतंय. मातीनं बांधलेलं तोंड घेऊन फिरतंय, आवाज मात्र अजिबात नाही. मी कान देते तर फक्त त्यांच्या धोतरातून गळणारं पाणी ऐकू येतं.

"चल," ते म्हणतात, "सांच्यापारी पानी बगून यिऊ."

"दुपार आहे मामंजी. आणि चार वाजता यल्लाप्पा..."

"तवर यिऊ की. कुटं विलायतेला जायाचं हाय?"

ते दाराबाहेर पाऊल टाकतात, मी त्यांच्या मागून टाकते, आणि बाहेर अंगण नाही. माझ्या माहेरचा सोपा आहे. मी हिरवं पातळ नेसले आहे, हातात पोह्यांचं ताट आहे आणि घोंगडीवर पाहुणे बसलेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती बैठक. मामंजी मधोमध बसलेत, धोतर अजून ओलं, आणि त्यांच्याखाली घोंगडीवर पाण्याचा डाग पसरत चाललाय. कुणाचं लक्ष नाही.

"मुली, जातं ओढता येतं का?" ते विचारतात. तेव्हाही हेच विचारलं होतं.

"येतं," मी म्हणते. "पण तुमचं जातं पाणी ओढतं म्हणे. मग मी कशाला ओढू?"

तेव्हा माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता आणि मामंजी एवढे हसले होते की पोह्यांचा घास ठसक्यात गेला. तिथल्या तिथे सुपारी फुटली. आताही ते हसतात, पण हसता हसता त्यांच्या तोंडातून थोडं पाणी येतं. ते पटक्याच्या शेवटानं तोंड पुसतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.

"लई पेलं त्या दिवशी," ते म्हणतात. मला रडू फुटतं, पण हातात ताट आहे, डोळे पुसता येत नाहीत.

ताट खाली ठेवायला वाकते तो खाली नदीची रेती. आम्ही सावणीच्या काठानं चाललोय. मामंजी पुढे, मी मागे. सावणी लहानच नदी. तिचं नाव तालुक्याच्या पलीकडे कुणाला ठाऊक नाही. वर डोंगरात पांगारओढा, म्हसोबाचा ओढा आणि दुधाळी असे तीन ओढे येऊन मिळतात तेव्हा कुठे तिला नदी म्हणायचं. पण तिच्यावर एके काळी सात पाणचक्क्या होत्या. सगळ्यात वरची गडासाठी दळायची, असं मामंजी सांगायचे. आता सहांचे चौथरे उरलेत, त्यांवर निवडुंग आणि गुरं. सातवी तेवढी आमची.

आज मात्र सातही फिरतायत. प्रत्येकीच्या दारात बायका टोपल्या घेऊन ओळीनं बसल्यात. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू, आणि एकीलाही मी ओळखत नाही. त्या मात्र मला ओळखतात. मी पुढून जाते तशी एकेक जण टोपलीवर पदर ओढते.

"ह्या अशा का बघतात?" मी विचारते.

"नंबराच्या हायेत. तू मदी घुसशील आसं वाटतंय त्यास्नी."

"मला काही दळायचं नाही."

"न्हाई कसं? तीन वरीस डोक्यात त्येच दळतीयास."

मला राग येतो. जिवंत असतानाही ते असंच मर्मावर बोट ठेवायचे आणि वर काही बोललोच नाही असा चेहरा करायचे. मी म्हणते, "मामंजी, तुम्हाला जर माहीतच आहे, तर..."

"गाडी लागली बग," ते म्हणतात.

खरंच लागली आहे. आम्ही एसटी स्टँडवर उभे आहोत. स्टँडमध्ये गुडघाभर पाणी आहे, गढूळ, आणि लोक बाकांवर पाय वर घेऊन पेपर वाचतायत. गाड्यांच्या पाट्यांवर गावांची नावं नाहीत. एकीवर पांगारओढा, एकीवर दुधाळी, एकीवर म्हसोबा. चौकशीच्या खिडकीत आमचे हे बसलेत. ते खरोखरच डेपोत कंट्रोलर आहेत, बावीस वर्षं झाली. त्यांनी युनिफॉर्म घातलाय, समोर माइक आहे. ते माझ्याकडे बघत नाहीत. घसा खाकरतात आणि सगळ्या स्टँडभर त्यांचा आवाज घुमतो.

"फळी टाकून, घास घालून गेली होतीस ना?"

पेपरवाले मान वर करतात. माझं तोंड उघडतं, पण आत माती आहे. ओली, चिकट माती, थापून बसवलेली. मी बोटांनी ती काढायला जाते, ती निघत नाही. ह्यांचा आवाज पुन्हा येतो, तोच प्रश्न, गाडीची वेळ सांगावी तशी तीच चाल. मला ओरडून सांगायचंय. तीन वर्षांत प्रथमच मला खरंच सांगायचंय, आणि तोंड बांधलेलं आहे.

मामंजी माझं मनगट धरतात. त्यांचा हात गार आहे, पण पकड तीच, पिठानं खरखरीत झालेली. ते मला गाडीत चढवतात. गाडीत पाय ठेवते तर दवाखान्याचा पॅसेज. पॅसेजमधून पांढरं पाणी वाहतंय, पिठाळलेलं, घासाचं पीठ नदीत सोडल्यावर क्षणभर दिसतं तसं. एक नर्स पाण्यातून चालत येते आणि माझ्या हातात दुपट्यातलं बाळ देते. जुई. एवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेली.

"बग की," मामंजी माझ्या खांद्यावरून वाकून बघतात. "मला बगायचीच ऱ्हायली हुती."

"तुमच्यासारखंच नाक आहे," मी म्हणते. तोंडातली माती गेलेली आहे, कधी गेली कळलं नाही.

"पोरीच्या जातीला हे नाक? कुनीकडं फेडशील ह्ये पाप?"

मी हसते, आणि हसता हसता मला रडू येतं. त्यांनी तिला पाहिलं असतं तर दिवसभर खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेनं हिंडवलं असतं. ती आता तीन वर्षांची आहे, प्रश्न विचारून घर डोक्यावर घेते, आणि तिचे सगळे प्रश्न मामंजींनाच विचारण्यासारखे असतात. हे मी त्यांना सांगते. ते ऐकून घेतात, मान हलवतात, बोट पुढे करतात. जुईची मूठ त्या बोटाभोवती मिटते आणि मग तिथे दुपटं नाही, पॅसेज नाही. फक्त पाण्याचा आवाज आहे.

संगम. तिन्ही ओढे समोरून येतायत. पांगारओढा तांबडा, म्हसोबाचा काळसर, दुधाळी नावासारखी. मामंजी रोज संध्याकाळी इथे येऊन उभे राहायचे. कोणत्या ओढ्याचा रंग बदललाय ते बघून उद्याचं पाणी सांगायचे. पाऊस असो, ताप असो, त्यांचा नेम चुकला नाही. मी कितीदा म्हटलं, की मामंजी, पावसाळ्यात तरी नका जाऊ, दगडावर शेवाळ असतं. ते म्हणायचे, शेवाळाला मी ठावा हाय.

ते त्याच दगडावर उकिडवे बसलेत. मी जरा मागे उभी आहे. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला झोपेतही कळतंय.

"मामंजी, त्या दिवशी मी फळी टाकली नव्हती. घासही घातला नव्हता. बहुतेक. मला आठवतच नाही, पण बहुतेक नव्हताच."

"बरं."

"बरं काय? जातं रिकामं फिरायला लागलं. त्या आवाजानं तुम्ही धावत आलात. माझ्यामुळं..."

"धावत?" ते वळून बघतात. "मी? मालन, मी माझ्या लग्नाला धावलो न्हाई. भटजी बोंबलत हुता, मुहूर्त टळला, मुहूर्त टळला, आन मी आपला बैलाला पानी पाजतुया."

"चेष्टा नको ना मामंजी."

"बरं, न्हाई करत."

"मला खरं सांगा. माझ्यामुळं गेलात का तुम्ही?"

ते पाण्याकडे बघतात. पाणी चढत नाहीये, उतरत नाहीये.

"मला काय इचारतीस?" ते म्हणतात. त्यांचा आवाज एकदम थकलेला येतो. "तुला ठावं आसंल तेवडंच मला ठावं. मेलेल्या मानसाकडं येगळं काय आसतंय, पोरी?"

"मग मी कुणाला विचारू?"

ते बंडीच्या खिशाशी हात नेतात, सवयीनं, बटण सोडतात आणि आत बोटं घालतात. मला वाटतं, आता दोन दाणे तोंडात टाकतील. पण ते खिसा बाहेर ओढून उलटा करून दाखवतात. रिकामा. शिवणीत अडकलेला एक कोंडासुद्धा नाही.

"संपले?" मी विचारते. इतक्या वर्षांत तो खिसा रिकामा मी पाहिलेला नाही.

"यक मूठ हुती. कामी आली."

"कुठे कामी आली?"

"तुला आठवतंय? तुझ्या लग्नाचं पयलं साल. तू घास घालायची इसरली हुतीस."

आठवतं. नवी होते, संध्याकाळी मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला पळाले होते. सकाळी धावतपळत चक्कीवर आले तर जात्यातून पांढरं पीठ पडत होतं. जोंधळ्याचं. सासूबाई समोर होत्या. मामंजी त्यांना म्हणाले, काल मीच घास घातला, मालनला म्हटलं तू जा. आणि त्या आत गेल्यावर मला म्हणाले, सांगत बसायचं न्हाई, उद्या लवकर यायचं. नंतर तो विषय त्यांनी जन्मात काढला नाही.

"तुम्ही झाकून घेतलंत तेव्हा," मी म्हणते.

"झाकलं. आपलं मानूस म्हनल्यावर झाकायचं." ते खिसा आत सारतात आणि बटण लावतात. "पर झाकून झाकून जड व्हतंय का काय, त्ये मला ठावं न्हाई. मी जड व्हस्तवर जगलो न्हाई. तू जगतीयास. तू बग."

"मामंजी..."

"हात आन हिकडं."

मी हात पुढे करते. ते मनगट धरतात आणि माझा हात पाण्यात घालतात, जिथे तिन्ही रंग मिसळतात तिथे. पाणी दाट आहे. गार आहे. हात आत आत जातो, मनगटापर्यंत, आणि तळाशी बोटांना काहीतरी लागतं.

"मूठ मिट," ते म्हणतात. "आन सोडू नगंस."

त्यांचा हात सुटतो. मी वर बघते तेव्हा दगडावर फक्त ओले पाय उमटलेले आहेत.

मी जागी होते तेव्हा मान अवघडली आहे आणि दारातून ऊन आत सरकलंय. भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी. माझा उजवा हात जात्यात आहे. मनगटापर्यंत चिखल, चिखलातून तोंडाच्या आत, कोंबलेलं फडकं बाजूला ढकलून. झोपेत मी माती उकरली असणार. आणि मूठ मिटलेली आहे.

मी ती लगेच उघडत नाही. उघडायची गरजच नाही. नाचणी अशी हाताला लागत नाही. नाचणी मोहरीएवढी असते, बोटांच्या फटीतून निसटते. हे दाणे टपोरे आहेत. काही पोकळ झालेत, किड्यानं पोखरलेत, दाबले की भुगा होतोय. तरी गोल आहेत.

हात बाहेर काढते, दारातल्या उन्हाशी जाते आणि मूठ उघडते. जोंधळे.

मी तिथेच उंबऱ्यावर बसते. म्हणजे घास माझ्याकडून राहिलाच होता. फळीही राहिली होती, कारण फळी टाकून जात्याशी परत आले असते तर घास घातलाच असता. तीन वर्षं मी 'बहुतेक' म्हणत होते, ते बहुतेक आता गेलं. पण ते इथे आले होते. जातं रिकामं फिरत असेल, ते आपल्या चालीनं आले, वर जाऊन फळी टाकली, परत आले, बटण सोडलं, खिशातली शेवटची मूठ जात्याच्या तोंडात टाकली. आणि मग बटण लावलं. ते मला माहीत आहे, कारण त्यांची बंडी मीच धुतली होती. खिसा रिकामा होता आणि बटण लावलेलं होतं. हे म्हणाले होते, दाणे पाण्यानं नेले. आणि लावलेल्या बटणातून पाणी दाणे कसे नेईल, एवढं साधं माझ्या डोक्यात तीन वर्षांत आलं नाही.

धावत सुटलेला माणूस बटण लावत नाही. ते चक्की नीट बंद करून, रोजच्यासारखे, पाणी बघायला गेले होते.

मी रडते. तोंडात पदर कोंबून नाही, मोकळी रडते. चक्कीच्या भिंती जाड आहेत, बाहेर ऐकू जात नाही.

मग मला कोपऱ्यातलं पोतं दिसतं. नाचणीचं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात ते येतं. मूठभर नाचणी आत टाकायची, फडकं सारखं करायचं, माती थापायची. जोंधळे पाटात भिरकावायचे. यल्लाप्पाला नाचणीचा घास सापडेल. दगडाला थोडी चकाकी दिसली तर तो म्हणेल, म्हातारं जातं आहे. माझं 'हो' कायमचं खरं होऊन जाईल. मामंजींनी झाकलंच आहे, मी फक्त वरून एक पदर ओढायचा. मी पोत्यापर्यंत जातेसुद्धा. डावा हात पोत्यात घालते, नाचणी बोटांतून सुळसुळते.

जीपचा आवाज येतो. यल्लाप्पाच्या पहारी खणखणत उतरतात. मी हात पोत्यातून काढून घेते.

हे दारात येतात, घाम पुसत. "झोपली होतीस का काय? माती भिजली?" मग माझा चेहरा बघतात, मनगटापर्यंतचा चिखल बघतात. "अगं, काय झालं?"

"अहो, हात पुढे करा."

"अं?"

"करा ना."

ते हात पुढे करतात. मी त्यांच्या तळव्यावर मूठ रिकामी करते. ते दाणे उन्हात धरून बघतात, बोटानं एक उलटा करतात.

"हे तर आबांचं जोंधळं," ते म्हणतात. "कुठं मिळालं?"

"जात्याच्या तोंडात."

ते जात्याकडे बघतात, उकरलेल्या मातीकडे बघतात. माणूस बावीस वर्षं गाड्यांचे हिशेब जुळवतोय, हाही जुळायला त्याला वेळ लागत नाही. मला दिसतं ते जुळताना.

"त्या दिवशी घास मी नव्हता घातला," मी म्हणते. "फळीपण माझ्याकडून राहिली होती. त्यांनी टाकली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

यल्लाप्पा पहार खांद्यावर घेऊन दारापर्यंत येतो, आमच्याकडे बघतो आणि मागे सरतो. हे ओट्यावर बसतात. दाणे हातात तसेच. मी उभीच आहे. मला बसायचा धीर होत नाही, आणि बाहेरही जाववत नाही. ते रागावले तर रागावू देत, असं मी मनाशी म्हणते.

मग ते खिशातून रुमाल काढतात. ओट्यावर पसरतात, दाणे त्यात ओततात, पोकळ झालेलेसुद्धा, तळव्याला चिकटलेला भुगासुद्धा झटकून. चार कोपरे जुळवून गाठ मारतात.

"यल्लाप्पा, ये रे आत," ते हाक मारतात. "लाव टाकी. टाकी झाली की पहिलं हे दळायचं. आबांचा घास नदीला जायचा राहिलाय."

ते गाठोडं माझ्या हातात देतात.

"फळी तू उचलायचीस," ते म्हणतात.

"हो," मी म्हणते.